काळ्या पॅडवरचा आकडा

"मॅडमच्या तोंडाले इन्सुलेशन टेप मारला का गा कोनं?" मेकॅनिक काका वायरिंगवाल्या दादांना विचारत होते. दादा हसले. मी पत्र्याच्या पार्टिशनमागे उभी होते, हातात मल्टिमीटर घेऊन. त्या क्षणी माझं तोंड खरंच उघडत नव्हतं.

हिंगणा रोडवरच्या त्या शेडमध्ये आम्ही इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या जुळवायचो. नागपूरच्या मे महिन्यात त्या फार तापतात. सेलची उष्णता बाहेरच्या अॅल्युमिनियमच्या डब्यापर्यंत पोचावी म्हणून मध्ये रबरासारखे पॅड बसवायचे, आणि ते बनवणं माझं काम. सिलिकॉनमध्ये कार्बन नॅनोट्यूब मिसळायच्या. दिसायला काजळी, पण तिची एकेक सूक्ष्म नळी उष्णता झरझर वाहून नेते, असं मी शिकले होते. सिलिकॉनमध्ये मात्र एका नळीतून दुसरीत जाताना उष्णता प्रत्येक सांध्यावर अडखळते. माझे पहिले पॅड साध्या सिलिकॉनपेक्षा जेमतेम बरे निघाले.

"पावडर अजून टाक," शेड चालवणारे सर म्हणाले. मी टाकली. पुढच्या आठवड्यात पुन्हा, "अजून." मी मान डोलावली, आणखी टाकली.

पहिल्या पॅडमधून वीज जात नाही हे मी तपासून रजिस्टरमध्ये लिहिलं होतं. पावडर वाढवत गेले, पण ती ओळ तशीच पुढच्या पानांवर उतरवत राहिले.

त्या दुपारी शेवटच्या पॅडचा उरलेला तुकडा मीटरला लावला, केवळ हाताला चाळा म्हणून. वीज जात नसेल तर पडद्यावर आकडा येत नाही. आकडा आला. दुसऱ्या जागी टोचलं. तिथेही आला. उष्णता ज्या सांध्यांवर अडखळत होती, तिथून वीज निघून जात होती. नळ्या आता इतक्या झाल्या होत्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत साखळीच लागली होती. आणि पॅड बसवले होते ते सेल जोडणाऱ्या उघड्या पट्ट्यांवर. बंद डब्यात, सीटखाली, तो पॅडच तापत जाऊन पेटू शकत होता.

याच पॅडची एक बॅटरी सकाळीच ट्रायलच्या स्कूटरमध्ये बसवली होती.

"सावनेरले जाऊन येतो," बाहेर काका सरांना सांगत होते. "पोरगी मामाकडे हाय, तिले मागं बसवून आणतो. तेवढीच ट्रायल."

मी सरांना मेसेज लिहिला: सर, एक डाउट आहे. पुसला. डाउट नव्हताच तो. नोकरी लागून चार महिने झाले होते, आणि घरचे अजून येईल त्याला ते कौतुकाने सांगत होते. मागच्या सीटवरची ती मुलगी मी कधी पाहिलीही नव्हती. तरी ती दिसत होती.

इलेक्ट्रिक गाडी सुरू झालेली ऐकू येत नाही. मला फक्त स्टँड वर गेल्याचा खटका ऐकू आला. मी धावले. "काका," म्हणाले, पण हळूच. काकांनी हेल्मेट घातलेलं, त्यांना ऐकू गेलं नाही. मी मागची दांडी धरली. गाडी हिसका देऊन थांबली.

"काय झालं वं बाई?"

"टेप निघाला वाटते!" दादा म्हणाले. सर दारात आले.

"काका, उतरा," मी म्हणाले. "त्या पॅडमधून करंट जातोय. पावडर वाढवल्यावर मी तपासलंच नव्हतं."