आसिफचा परवा

आधी खुर्शीदअम्मींचं नाव घेतो, मग काय झालं ते सांगतो. आज मी बजाजनगरच्या माझ्या खोलीत बसून हे लिहितोय, कोठडीत नाही, ते त्यांच्यामुळं. आणि ज्याच्याबद्दल लिहितोय तो आसिफ त्यांचा एकुलता एक मुलगा. म्हणजे ज्यांचं सगळं गेलं, त्यांनीच मला वाचवलं... हे एकदा लिहून टाकलं की पुढचं लिहिता येतं. नववीतून शाळा सुटलेला माणूस मी. लिहायची सवय नाही, आणि गेल्या काही आठवड्यांत एका जागी बसायचीही राहिली नाही. खाली कुणाची मोटारसायकल थांबली तरी उठून खिडकीशी जातो, कडी लावलीय ना ते पुन्हा बघतो.

माझं गाव पार गोंदियाकडं, धानाच्या बांध्यांमधलं, भातशेतीचं. वाळूजला कंपनीत लागलो तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. महिना होत आला असेल, शेजारच्या मशीनवरचा पोरगा मला म्हणाला, "तू परवा गेटवर सुटकेस घेऊन रडत होतास ना?" मी चिडलो. म्हटलं, परवा सुट्टी होती, मी खोलीवर होतो, आणि मी रडत नव्हतो. तो खो खो हसला. "अरे, परवा म्हणजे तेव्हा. तू आला त्या दिवशी. रडत नव्हतास तर नाक का पुसत होतास?" हा आसिफ. पहिली ओळख ही अशी, भांडणातूनच.

त्याचा परवा मला समजायला बरेच दिवस लागले. मागचा सोमवार परवा, मागची ईद परवा. "परवा मी तिसरीत होतो तेव्हा सर कसे मारायचे," असं तो तिसरीतलं बोलायचा, जसं काही पाठ अजून दुखतेय. पुढचंही तसंच. चप्पल शिवून आणायची ती परवा, आजारी मामूंना भेटायचं ते परवा, म्हैसमाळला पुन्हा जायचं तेही परवा. संतोष म्हणायचा, "ह्याच्या लग्नाच्या पत्रिकेत तारखेच्या जागी परवाच छापा. पाहुणे येतील तेव्हा येतील." संतोष आमच्यातला तिसरा. रोज फुलंब्रीहून गाडीवर यायचा, दिलदार, हसवणारा. मला वाटायचं, परवा ही आसिफची एकट्याची खोड आहे. ती सगळ्या घराची, गल्लीची, इकडची दखनी बोली आहे हे मला ठाऊक नव्हतं, आणि त्यात माझी मान अडकणार आहे हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

आसिफचं घर गुलमंडीच्या मागच्या गल्लीत. अम्मी तिथल्या साडीच्या दुकानांसाठी फॉल-पिको करतात. मला बघितलंही नव्हतं तेव्हापासून त्या डब्यात एक कप्पा जास्त भरायच्या. खालचा कप्पा माझा. खिचडी नि चिंचेचा आंबट खट्टा असला की निरोपही यायचा, "उस धानवाले को बोलना, आज चावल है, रोना नक्को." गावाकडच्या माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिनं आधी डब्यात काय काय असतं ते विचारून घेतलं. मग म्हणाली, त्या बाईला माझा नमस्कार सांग. तो नमस्कार मी सांगितलाही, पण एवढ्यानं काय होतं?

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो नाही, जाण्यायेण्यातच सुट्टी संपते. आसिफ म्हणाला, चल, परवा आला एकदाचा. दोन गाड्यांवर आम्ही तिघं म्हैसमाळला गेलो. तो शुक्रवार होता. वर कड्याजवळ सतरंजी टाकली, खाऊच्या ठेल्यापासून जरा लांब. ऊन छान होतं. आसिफ मात्र सारखा उठत होता, बसत होता, गवताच्या काड्या मोडत होता. मला वाटलं भूक लागली असेल. मग तो संतोषला म्हणाला, "परवा नाही संतोष, आज. उतरल्यावर सरळ फुलंब्रीला जाऊ." मला वाटलं, संतोषच्या घरी जेवायला जायचा बेत आहे. मी हसलो. "आसिफ आणि आज? सूर्य कुठून उगवला रे?" दोघांपैकी कुणी हसलं नाही. अम्मींचा डबा माझ्या गाडीला अडकवलेला राहिला होता, तो आणायला मी खाली गेलो. परत आलो तर संतोष एकटाच, केस ओले. म्हणाला, "तोंड धुऊन आलो ठेल्यावरून. आसिफ त्या बाजूला गेलाय, फोटो काढायला." आम्ही हाका मारल्या. हातातला डबा तसाच धरून मी हाका मारत फिरत होतो... तो कड्याखाली सापडला.

पाय घसरला, असंच सगळे म्हणत होते. दुसऱ्या दिवशी निरोप आला की डॉक्टरांना डोक्यामागं दगडाचा घाव दिसलाय, पडण्याआधीचा. त्या निरोपानंतर माझी झोप गेली. कारण कड्याजवळ आम्ही तिघंच होतो. त्यातला एक गेला. उरलेल्या दोघांतला एक मी, आणि मी काही केलं नव्हतं. मी नाही म्हटलं की राहतो संतोष. ते मनात येऊ द्यायचं नव्हतं, म्हणून मी डॉक्टरच चुकले असतील, असं धरून बसलो.

रविवारी पोलीस ठाण्यात बोलावलं. साहेब नुकतेच बदलून आलेले, कोल्हापूरकडचे. शांत माणूस, ओरडले वगैरे नाहीत. म्हैसमाळच्या ठेलेवाल्या चाचांना आणलं होतं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाले, "परसों इन्ने उसकी कॉलर पकड़ा था साब. मैंच छुड़ाया."

"परवा. म्हणजे शुक्रवारी," साहेब म्हणाले.

"हौ, परसोंच."

मी ओरडलो, "साहेब, ते मागच्या वर्षीचं! आसिफनं माझ्या फोनवरून माझ्या आईला सांगितलं की मी कड्यावरून पडलोय. आई रडायला लागली, म्हणून..."

"म्हणजे कॉलर धरली होतीस?"

धरली होती. मी संतोषकडं पाहिलं. मागच्या वर्षी तोही होता तिथं, आम्हाला वेगळं करायला चाचांसोबत तोच धावला होता. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. तो जमिनीकडं बघत राहिला.

कोपऱ्यातल्या बाकावर अम्मी बसल्या होत्या. आसिफचे कपडे घ्यायला आल्या होत्या, पिशवी मांडीवर होती. त्या उठल्या. मला वाटलं, आता माझ्या तोंडात मारतील.

"साब, चचा कौनसा परसों बोल रहे, पूछे क्या?"

"परवा एकच असतो, बाई."

"हमारे यहां नहीं, साब. मेरी शादी परसों हुई. मेरा बच्चा परसों पैदा हुआ." त्यांनी पिशवी छातीशी घट्ट धरली. "गुजर गया वो सब परसों. चचा, उस परसों को तुम्हारे ठेले पे क्या था? भुट्टा, के जाम?"

जाम म्हणजे पेरू. चाचा म्हणाले, "भुट्टा, बेगम. पानी का मौसम था. जाम तो अब आए."

म्हणजे पावसाळ्यातला परवा, आणि हा शुक्रवार तर दिवाळीतला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आणि ह्या शुक्रवारी?"

"इस जुम्मे को ये आया था," चाचांनी संतोषकडं मान वळवली. "अकेला. सर पे पानी लिया, हाथ घिस-घिस के धोया. मैं पूछा क्या हुआ, बोला कुछ नहीं."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुम इसकाच पूछे साब, मैं इसकाच बोला."

संतोषनं मग तुटक तुटक सगळं सांगितलं. काही महिन्यांपूर्वी फुलंब्रीच्या रस्त्यावर त्याच्या गाडीनं एका म्हाताऱ्या माणसाला उडवलं होतं. मागं आसिफ बसलेला. दोघं थांबले नाहीत. नंतर कळलं की म्हातारा गेला. आसिफ म्हणत राहिला, त्यांच्या घरी जाऊन सांगू, परवा जाऊ. संतोष त्या परवावर निर्धास्त होता. आसिफचा परवा म्हणजे कधीच नाही, असं आम्हाला सगळ्यांनाच वाटायचं. त्या दिवशी तो पहिल्यांदा आज म्हणाला... आणि संतोषच्या हाती दगड आला.

बाहेर गर्दी जमली होती. काही जण ह्या सगळ्याला वेगळाच रंग द्यायच्या तयारीनं आले होते. अम्मी पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "मेरा बच्चा गया है. तमाशा नहीं होना. घर जाओ." मग मागं वळून मला म्हणाल्या, "तू चल. सुबह से खाया नहीं दिखता."

मागच्या शुक्रवारी आम्ही दोघं त्या म्हाताऱ्याच्या घरी जाऊन आलो. अम्मींनीच विषय काढला, "आसिफ का काम रह गया, बेटा." म्हाताऱ्याच्या सुनेसमोर त्या बसल्या आणि सगळं सांगितलं, मुलाचं काहीही न झाकता. सून रडली, चिडली, दार लावून आत गेली. थोड्या वेळानं पाणी घेऊन बाहेर आली. परत येताना बसमध्ये अम्मी खिडकीबाहेर बघत होत्या. मी सारखा चुळबुळत होतो. त्यांनी न बघताच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आसिफचा पाय हलायचा तेव्हा ठेवत असतील तसा.

मी आता दर शुक्रवारी अम्मींकडं जातो. पिकोचं मशीन चालू असतं. भिंतीच्या खिळ्याला आसिफचा डबा टांगलेला असतो. मी बसलो की त्या उठून तो काढतात, भरतात. आधी खालचा कप्पा, मग वरचे. वरचे आता कुणासाठी, हे मी विचारत नाही, सगळे संपवून आणतो. काल दारातच म्हणाल्या, "परसों आया था, तब इतना दुबला नहीं था." त्यांचा हा परसों आठवडाभरापूर्वीचा की वर्षापूर्वीचा, ते त्यांनाच माहीत.

निघताना डबा हातात घेऊन मी विचारलं, "अम्मी, हे सगळं मी कधी फेडणार?"

"चुप. गरम है, सीधा पकड़."

तेव्हा बोललो नाही, इथं लिहितो. फेडीन, अम्मी. परवा. तुमच्या घरचा परवा. उशीर करतो, पण एक दिवस उठतो आणि आज म्हणतो, तो.