एका गोठ्यातली सुई

विषाणू काकांना घाबरतात, असं शाळेत असताना माझं प्रामाणिक मत होतं आणि ते अजूनही पूर्णपणे गेलेलं नाही. काका म्हणजे बाबांचे मावसभाऊ. केज तालुक्यातल्या एका जनावरांच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी लसी टोचण्यात गेली. गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं आणि ते दर वेळी न कंटाळता दुरुस्ती करायचे, "डॉक्टर न्हाई. टोचणारा हाय मी." निवृत्तीनंतर मुलाने त्यांना आपला जुना कॉम्प्युटर दिला, महिन्याभरात त्याला व्हायरस लागला आणि काकांना जणू पुन्हा कामावर रुजू व्हायचा आदेश आला. बाकीच्यांना कॉम्प्युटरचा व्हायरस म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं. लाळ्या-खुरकुताशी जन्मभर झुंजलेल्या काकांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की हा हवेतून पसरतो, पाण्यातून की सुईतून.

त्यानंतर नात्यातला आणि ओळखीतला एकही घरगुती कॉम्प्युटर त्यांच्या हातून सुटला नाही. बोलावण्याची गरज नसे. तेव्हा आमच्याकडे घरोघरी इंटरनेट नव्हतं, म्हणून अँटीव्हायरसची ताजी भर, म्हणजे अपडेट, काका स्वतःच्या घरी उतरवून घ्यायचे आणि दर महिन्याला दारोदार पोचवायचे. स्कूटरवर दोन पायांच्या मधे लसी न्यायचा जुना निळा डबा. त्यात बर्फाच्या जागी घडी केलेला पंचा आणि पंचात एक पेन ड्राइव्ह. "भावजी, एवढंसं ते, खिशात ठेवा की," असं आई एकदा म्हणाली. काकांना ते खरंच लागलं. "खिशात चाव्या असत्यात, चुना असतोय, वहिनी. लस हाय ही."

तपासणीची त्यांची पद्धत मी दाराच्या आडून बघत असे. समोर येऊन बोलणं मला तेव्हा जमत नसे, आताही फारसं जमत नाही. आधी ते कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवत, गाईच्या कुशीवर ठेवावा तसा. मग कान लावून आतल्या पंख्याचा आवाज ऐकत आणि म्हणत, "श्वास जड हाय. काय खाल्लंय ह्यानं?" माझा थोरला भाऊ, जो आम्हाला सगळ्यांना अडाणी समजायचा, तो या प्रश्नापुढे मात्र नांगी टाकायचा. एकदा त्याने कबूल केलं की एक गेम उतरवलाय, पण फुकटचा होता. काका म्हणाले, "फुकट पेंड कोण घालतंय बे? जो घालतोय त्याला दूध काढायचं असतंय." हेरगिरी करणाऱ्या प्रोग्रामबद्दल मी पुढे इंग्रजीत बरंच वाचलं. इतक्या कमी शब्दांत ते कुणी सांगितलेलं मला आढळलं नाही.

तपासून झालेल्या प्रत्येक कॉम्प्युटरला ते जनावरांच्या कानात मारायचा पिवळा बिल्ला सुतळीने बांधायचे. त्या बिल्ल्याचा नंबर त्यांच्या रजिस्टरमध्ये असे आणि पुढे सगळा इतिहास: कोणत्या तारखेला भर दिली, काय सापडलं, कोणत्या फोल्डरचं वजन, म्हणजे एमबी, किती. वजन कशाला, असं बाबांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "एकदम हलकं झालं तर रोग, एकदम जड झालं तरी रोग." सगळे हसले. मांजरसुंब्याच्या एका ढाब्यावर फुकट वायफायची पाटी दिसली, तर काकांनी स्वतःचा फोन बंद करून रुमालात गुंडाळला आणि आमचेही बंद करायला लावले. चार गावची जनावरं एका हौदावर पाणी पितात तिथून साथ निघते, हे त्यांनी डाळतडका येईपर्यंत इतकं तपशीलवार सांगितलं, की आईने फक्त दही खाल्लं.

पण मला ज्या गोष्टीचा खरा आधार वाटे ती वेगळीच होती. पासवर्ड टाकायची वेळ आली की काका खुर्चीसकट भिंतीकडे वळायचे आणि कॅलेंडर वाचायला लागायचे. नुसती मान वळवणं त्यांना पुरत नसे. कुणाची फाईल कधी उघडली नाही. एकदा बाबांनीच सांगितलं, बघा की, त्यात काय एवढं. काका म्हणाले, "गोठा बघायला आलोय मी. घर न्हाई."

हे मला इतकं महत्त्वाचं वाटायचं याला कारण होतं. आमच्या कॉम्प्युटरमध्ये 'केमिस्ट्री नोट्स' नावाचं माझं एक फोल्डर होतं आणि त्यात केमिस्ट्रीचं एक अक्षर नव्हतं. मी इंग्रजी शाळेत शिकलेली. पाहुण्यांसमोर माझं मराठी ऐकून सगळे गालात हसायचे, म्हणून मी बोलायचं कमी केलं आणि मराठीत लिहायला लागले. आजूबाजूची माणसं, त्यांची बोलणी, जे तोंडाने सांगता येत नव्हतं ते सगळं. दोन वर्षांचं लिखाण होतं आणि त्याची दुसरी प्रत नव्हती, कारण दुसरी प्रत म्हणजे ती कुणालातरी सापडण्याची आणखी एक जागा.

एका रविवारी सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर सगळ्या फोल्डरांवर छोटे बाण आले होते. कशावरही क्लिक केलं तरी आत काही नाही. भाऊ सुट्टीला आला होता. त्याने दोन मिनिटं बघितलं. "गेलं सगळं. फॉरमॅट मारतो. तुझ्या नोट्स मैत्रिणीकडून घे." त्या नोट्स जगात कुठल्याच मैत्रिणीकडे नाहीत, हे मला त्याला सांगता येईना. मी आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी आपणहून फोन केला.

"काका, आमच्या कॉम्प्युटरला..." एवढंच जमलं.

"श्वास हाय का?"

"आहे."

"मग कुणाला हात लावू देऊ नको, माय. आलोच."

काका आले तेव्हा मी कीबोर्ड मांडीवर घेऊन बसले होते आणि भाऊ आईकडे माझी तक्रार करत होता. "काका, फॉरमॅटला अर्धा तास लागेल फक्त," तो म्हणाला. "पुरायला त्याहून कमी लागतोय," काका म्हणाले, "पण आधी मेलंय का ते तर बघशील बे." मग त्यांनी पडद्यावर एक काळी चौकट उघडली. एक वही काढली. तिच्यात इंग्रजी आज्ञा देवनागरीत लिहिल्या होत्या, 'वजा एच, जागा, वजा आर, जागा', आणि एका बोटाने, प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत, त्यांनी ते टाइप केलं. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा एन्टर दाबलं आणि फोल्डर एकेक करून परत आले. व्हायरसने ते खाल्ले नव्हते, नुसते लपवले होते. माझं खालून तिसरं होतं. "उघडून बघ तुझं," म्हणून काका कॅलेंडरकडे वळले. सगळं जागच्या जागी होतं. मी आत जाऊन पाणी प्यायले आणि तोंड धुऊन परत आले.

काका मात्र खूश नव्हते. रजिस्टर उघडून बसले होते. गेल्या महिन्यात ह्याला बाहेरचं काय लावलं, असं त्यांनी तीनदा विचारलं. काहीच लावलं नव्हतं. मग त्यांनी निळा डबा जवळ ओढला, पंचा उलगडला आणि स्वतःचा पेन ड्राइव्ह त्याच काळ्या चौकटीतून तपासला.

"माझ्याच सुईतून आलंय, माय."

हयातीच्या दाखल्याची प्रिंट काढायला त्यांनी तो पेन ड्राइव्ह अंबाजोगाईच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लावला होता आणि तिथून सरळ घरोघरी फिरले होते. "एका गोठ्यातली सुई दुसऱ्या गोठ्यात न्यायची न्हाई," ते म्हणाले. "हातात आलेल्या परतेक माणसाला पह्यलं हेच शिकवलं मी." भाऊ समजुतीने म्हणाला, "काका, कुणाला कळणारसुद्धा नाही. नवीन भर द्यायला आलो म्हणा आणि साफ करून टाका."

"जनावराला कळत न्हाई," काका म्हणाले. "मला कळतंय ना."

आमचं सोडून अंबाजोगाईच्या फेरीनंतरची नोंद असलेली अकरा घरं होती. ज्या रजिस्टरला सगळे हसले, त्यातच ती सगळी सापडली. नंबर वाचायला कुणीतरी हवं म्हणून मी स्कूटरवर मागे बसले. ही माझ्या आयुष्यातली सर्वात मोठी धिटाई. प्रत्येक दारात काका चपला न काढता उभे राहायचे आणि आधी एकच वाक्य म्हणायचे, "तुमच्या कॉम्प्युटरला रोग झालाय आन् तो मी दिलाय." मग आत जाऊन काम. एका घरी कॉम्प्युटर सकाळीच फॉरमॅट झाला होता. त्यात मुलीच्या लग्नाचे फोटो होते. बसस्टँडजवळच्या एका गृहस्थांनी टोमणा मारला, "मंजी डॉक्टरच रोग वाटाया लागले म्हणायचं." मला जमिनीत शिरावंसं वाटलं. काका शांतपणे म्हणाले, "व्हय. पण डॉक्टर न्हाई. टोचणारा." आणि खाली बसून वायर काढायला लागले. चहा त्यांनी अकराव्या घरातच घेतला.

त्या दिवसापासून पेन ड्राइव्ह सुटला. प्रत्येक घराची वेगळी सीडी आली, तिच्यावर त्या घराचा बिल्ला नंबर. एकदा लिहिलेल्या सीडीत पुन्हा काही शिरत नाही, याची त्यांनी आधी खात्री करून घेतली होती.

आता ती घरंही बदलली. लॅपटॉप आले, फोन आले, ते आपापली भर आपणच घेतात. लग्नात भेटले की लोक काकांना अजून डॉक्टर म्हणतात, पण कुणी बोलावत नाही. मोतीबिंदूमुळे स्कूटरही सुटली. आमच्याकडे मात्र महिन्यातून एकदा रिक्षाने येतात, माझ्या लॅपटॉपवर तळहात ठेवतात आणि विचारतात, "रसायनशास्त्र कसं हाय?"

मागच्या महिन्यात मी धीर करून म्हटलं, "काका, सायन्स सोडून मला चार वर्षं झाली."

"म्हाईत हाय. दिवाळीच्या सुट्टीत वाढत होतं ते. रसायनशास्त्र सुट्टीत वाढतंय व्हय?" त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. आमच्या बिल्ल्याच्या नंबराखाली त्या एका फोल्डरचं दर महिन्याचं वजन होतं, वासराचं लिहावं तसं, पहिल्या वर्षापासून. "आत काय हाय ते सांगू नको," ते म्हणाले. "वाढतंय ना, बास झालं. आकडा तेवढा तू लिही, मला आता दिसत न्हाई."

असं म्हणून ते सवयीने भिंतीकडे वळले. कॅलेंडरवरचं अक्षरही आता त्यांना दिसत नसणार. मी फोल्डरचं वजन बघितलं आणि आकडा लिहिला. रजिस्टरच्या बाकीच्या पानांवर त्या महिन्याची एकाही घराची नोंद नव्हती.