ओंजळीचा कार्यक्रम

संग्रहालयात मला झाडायला-पुसायला ठेवलं आहे. उकिडवं बसून ओंजळीनं पाणी प्यायला ठेवलेलं नाही. तरी वर्षभर मी तेच करत आले. त्याबद्दल मला मॅडमचा जेवढा राग येतो तेवढाच माझाही येतो.

मॅडम म्हणजे शाळेच्या मुलांना इतिहास आणि मानवी हक्क शिकवायला नेमलेल्या बाई. आठवड्यातून दोनदा एखादी शाळा येते. मुलं रांगेनं फोटो बघतात, खालची माहिती वहीत उतरवून घेतात. पाण्याच्या हक्काचा फलक आहे तिथं मॅडम थांबतात. एकदा तिथं त्या सांगत होत्या, पूर्वी काही लोकांना विहिरीला हात लावू देत नव्हते, वरून ओतलेलं पाणी ओंजळीत घेऊन प्यावं लागायचं. मुलं जांभया देत होती. मी कोपऱ्यात फरशी पुसत होते. मॅडमचं लक्ष माझ्याकडं गेलं.

"मावशी, तुमच्याकडं असंच व्हायचं ना? जरा बसून दाखवता?"

सगळी मुलं वळली. एवढी माणसं एकदम बघायला लागली की माझे कान तापतात, आणि कोणी सांगेल ते करून मी मोकळी होते. लग्नातसुद्धा मी अशीच उभी राहिले होते. पोछा बाजूला ठेवला आणि बसले. एका मुलीनं तांब्यातून पाणी ओतलं. जास्त ओतलं, नाकात गेलं, मला ठसका लागला. मुलं हसली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

"बघा, इतिहास कसा जिवंत झाला!"

तेव्हापासून माझा नंबर पक्का झाला. बाथरूम धुताना हाक यायची, मी ओल्या हातांनी जायची, बसायची, पिऊन उठायची. दारावरचा वॉचमन सकाळीच विचारायचा, "काय हिरोईन, आज किती शो?" मी मनात त्याला काय काय म्हणायची ते इथं लिहीत नाही. तोंडानं कधी काही म्हणाले नाही.

आणि मी दाखवत होते ते खोटं होतं. इतर कोणाचं खरं असेल, माझ्या आजीचं नव्हतं.

आजी गंगापूरकडच्या गावात मोठ्या शेतकऱ्याच्या रानात खुरपायला जायची. आमच्या वस्तीनं धम्म घेतला त्या दिवसापासून तिनं त्यांच्या बांधावर ओंजळ धरली नाही. सकाळी लहान मडकं भरायची, वर पेला पालथा घालायची आणि कडेवर घेऊन रानात जायची. मालकीण म्हणायची, "का गं, आमच्या पाण्यात किडे पडले व्हय?" आजी म्हणायची, "पाण्यात नाय पडले." एवढंच, आणि खाली मान घालून खुरपायला लागायची. एकदा वाटेत मडकं फुटलं. त्या दिवशी उन्हात तिनं घोटभर पाणी घेतलं नाही, घरी येऊन प्यायली.

ही गोष्ट मी माझ्या मुलीला इतक्यांदा सांगितली आहे की तिला ती पाठ आहे. ती आठवीत आहे. मी संग्रहालयात काय करते ते मात्र तिला कधी सांगितलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, शुक्रवारी आमची शाळा तुझ्याकडं येणारे. मैत्रिणींना सांगितलंय मी, माझी आई तिथंच असती म्हणून." माझी भाकर तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मागितली, मिळाली नाही. मग धीर करून मॅडमच्या टेबलाशी गेले.

"मॅडम, शुक्रवारी मला नका बोलवू. माझी मुलगी येणारे."

मॅडमचा चेहरा फुलला. "अरे वा! मग तर तिलाच पाणी ओतायला सांगू. एका घरातल्या दोन पिढ्या! मुलांच्या कायम लक्षात राहील."

शुक्रवारी त्यांनी खरंच तांब्या माझ्या मुलीच्या हातात दिला. "मावशी, बसा."

मी उभीच राहिले.

"बसा ना. वेळ जातोय."

"नाय."

मॅडम मुलांकडं बघून हसल्या. "मावशी आज लाजताहेत."

लाजते मी. जन्मभर लाजत आले. पण हे लाजणं नव्हतं, आणि तेवढं सांगायला तोंड उघडलं. "माझी आजी" एवढंच निघालं.

मुलीनं तांब्या फरशीवर आपटला, पाणी माझ्या पायांवर उडालं. ती मॅडमना म्हणाली, "आईच्या आजीनं असं प्यायचं सोडून दिलं होतं. ती स्वतःचं मडकं घेऊन जायची रानात." मग माझ्याकडं वळली. "तू हे दर वेळी करती?"

मी मान हलवून हो म्हटलं. ती परत रांगेत जाऊन उभी राहिली आणि निघेपर्यंत माझ्याकडं बघितलं नाही.

"किती सुंदर गोष्ट!" मॅडम म्हणाल्या. "टाळ्या!"

घरी तिनं दोन दिवस माझ्याशेजारी बसून जेवण केलं नाही. मीही समजूत काढायला गेले नाही. काय सांगून काढणार होते?

पुढच्या आठवड्यात मॅडमनी बोलावलं. टेबलावर नवं मडकं होतं, पांढऱ्या रंगानं नक्षी काढलेलं.

"मावशी, आता ओंजळ बंद. तुमच्या आजीचं करू. हे कडेवर घेऊन तुम्ही हॉलमधून चालत यायचं."

वॉचमन दारातून म्हणाला, "नवा पिच्चर लागला वाटतं."

मी मडक्यात डोकावले. तळापासून बाजूवर चढलेली चीर होती. "यात पाणी राहायचं नाय, मॅडम."

"अहो, नुसतं दाखवायला हवंय."

"माझी आजी दाखवायला चालत नव्हती."

हे मी बोलले. माझा मलाच आवाज ओळखू आला नाही. मॅडमनी मडकं स्वतःकडं ओढून घेतलं. "मदत करायची नसेल तर शाळा आल्यावर हॉलमध्ये येत जाऊ नका. मागचं आवार बघा."

मागचं आवार बघते. मडकं आता काचेच्या पेटीत आहे, खाली पाटी आहे, ग्रामीण स्त्रीचे मडके. सकाळी काच मीच पुसते. चीर भिंतीकडं फिरवून ठेवली आहे. आजीचा तिथं काही संबंध नाही.

मडक्याचं या वेळी मी मुलीला सांगितलं. शाळा येऊन गेली की त्या संध्याकाळी ती विचारते, "आज बसलीस?"

"नाय."

"मडकं घेऊन चाललीस?"

"नाय."

मग ती आपलं ताट माझ्या ताटाशेजारी सरकवते.