शिरेतून जेवणारा उंदीर

रविवारी बायकोचा डबा घेऊन तिच्या प्रयोगशाळेत गेलो. ती औषधाची नव्हे, जेवणाची बाटली तळव्यांत धरून कोमट करत होती. पिंजऱ्यातला पांढरा उंदीर तोंडाने काहीच खात नाही. सगळं नळीतून थेट शिरेत जातं.

"गार गेलं तर कुडकुडतो रे," ती म्हणाली.

घरी मी आमटी गारच खातो.

"एवढ्या लाडाने होतं काय?"

"तोंडाने न खाताही, नुसत्या शिरेतल्या जेवणाने याच्या यकृतात चरबी साठते. ती का, तेच शोधतेय."

"माझ्याही साठलीये."

"तू खातोस!"

संशोधकांच्या परिषदेत ती बोलेल तेव्हा हा उंदीर भारदस्तपणे 'नमुना क्रमांक सात' होईल. इथे 'बाळ' आहे. मला ती नाव घेऊनच हाक मारते.

"यकृतातली चरबी कशी बघणार?"

"शुक्रवारी त्याला मारून यकृत काढावं लागेल," ती म्हणाली आणि तिचा आवाज एकदम कातर झाला.

माझ्यासाठी तिचा आवाज शेवटचा कधी कातर झाला होता, हे आठवत मी जिना उतरलो.