दुसरीच्या वर्गातली कडेवरची पोरं

पंख्याच्या वाऱ्यानं पुस्तकाचं पान उलटलं आणि माझी मुलगी आधीचंच पान वाचत राहिली.

मी तांदळाची भाकरी थापत होते. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मोठमोठ्यानं वाचत होती. धड्यातली मांजर विहिरीपाशी गेली, मांजर विहिरीत डोकावली, सगळं खणखणीत. बोटही ओळीवरून कसं शिस्तीत चाललेलं. समोरच्या पानावर मात्र पतंगाचं चित्र होतं. मांजर नाही, विहीर नाही, काही नाही.

"थांब गं," मी म्हटलं. पिठाचं बोट एका शब्दावर ठेवलं. "हे काय लिहिलंय, सांग."

तिनं पुस्तकाकडे बघितलंच नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "आई, तू सुरुवात सांग ना. मग येतं मला."

तव्यावरची भाकरी करपली. पोर दुसरीत होती. सव्वा वर्ष आम्ही नवरा-बायको कौतुकानं ऐकत होतो, आल्यागेल्याला ऐकवत होतो, आणि तिला एक अक्षर येत नव्हतं! सगळं पुस्तक पाठ होतं. कुठल्या ओळीवर आवाज चढवायचा तेसुद्धा पाठ होतं.

नवरा चिकूच्या वाडीतून आल्यावर त्यांना सांगितलं. हे ओरडले असते तर परवडलं असतं, मी दुप्पट ओरडले असते. पण हे पाय धुवून जेवले आणि मग म्हणाले, "ताई कधीची मागे लागली आहे." ताई म्हणजे यांची मोठी बहीण, वापीला असते. दोन्ही मुलींची लग्नं झाली, घर मोठं, आणि घराशेजारीच एक शाळा, जिथं म्हणे एका वर्गात मोजकी मुलं आणि एका बाकावर दोघंच. "संक्रांतीला येईल ती. तोपर्यंत वाचायला लागली तर ठीक. नाहीतर ताईबरोबर पाठवू."

"माझी मुलगी म्हणजे काय चिकूची पेटी आहे? टेम्पोत टाकली नि पाठवली गुजरातला?"

"मग तू जाऊन बघ तरी, शाळेत काय चाललंय ते."

वापी काही लांब नाही. तलासरी ओलांडली, अच्छाडच्या सीमानाक्यावर ट्रकांच्या रांगेतून वाट काढली की आलीच. पण सात वर्षांच्या पोरीला ताप आला, तर ती रात्री हाक कुणाला मारणार? नणंद वाईट नाही, उलट फार मायेची बाई. पण माया चांगली आहे म्हणून आपलं मूल देऊन टाकतं का कुणी?

दुसऱ्या दिवशी गेले शाळेत. जिल्हा परिषदेची शाळा, आमच्या वाडीपासून चालत जवळ. यांचंही शिक्षण तिथलंच. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसत होती, कारण एका गुरुजींची बदली झाली होती आणि त्यांच्या जागी कोणी आलं नव्हतं. पहिलीची तोंडं एका भिंतीकडे, दुसरीची दुसऱ्या भिंतीकडे, मधे एकट्या बाई. आणि या दोन्ही वर्गांच्या मधे, खाली, कोपऱ्यात, दप्तरांवर, कडेवरची पोरं! कोणी झोपलेलं, कोणी खडू चाटत बसलेलं, एकानं तर बाईंच्या ओढणीचं टोक धरून ठेवलेलं. पाड्यावरच्या मुली आपल्या धाकट्या भावंडांना कमरेवर घेऊनच शाळेत येतात. आमच्याकडे हे इतकं जुनं आहे की कोणाला त्याचं काही वाटत नाही. आई कामावर, बाप कामावर, अंगणवाडी दुपारीच सुटते आणि कामाची सुट्टी संध्याकाळी. मग बाळ जाणार कुठं? थोरल्या बहिणीबरोबर शाळेत.

बाईंनी फळ्यावर पट्टी ठेवली आणि वर्गानं एका सुरात म्हणायला सुरुवात केली. काय आवाज तो! कौलं हलतील असा. त्यात माझ्या मुलीचा आवाज सगळ्यांत वर.

"तुमची मुलगी वाचनात पुढे आहे," बाई मला म्हणाल्या. मला हसावं की रडावं कळेना. तिथंच मी त्यांना मांजरीचा किस्सा सांगितला. त्या मटकन खुर्चीत बसल्या. घाटावरून आलेली तरुण बाई, डहाणूत खोली घेऊन एकटी राहणारी. म्हणाल्या, "एकेकाला जवळ घेऊन वाचून घ्यायला हवं, ते मलाही कळतं हो. पण एकाला घेतलं की तिकडे कोणी रडतं, कोणी चड्डी ओली करतं. सगळ्यांना गप्प बसवायचं तर एका सुरात म्हणायला लावावं लागतं."

बाईंवर चिडायला गेले होते. चिडता येईना, म्हणून जास्तच चिडचिड झाली.

मग पालकांची सभा झाली. एवढ्या आयाबाया आणि बापे मी त्या अंगणात झेंडावंदनालाही बघितलेले नाहीत. प्रत्येकाचं तेच गाऱ्हाणं, की एवढ्या गर्दीत आपलं पोर शिकतंय की नुसतं बसतंय, हे कळायला मार्ग नाही. कोणी म्हणालं, तालुक्याला जाऊ. कोणी म्हणालं, जाऊन आलो, माणूस येईल म्हणतात. एक जण म्हणाला, शाळेला टाळं ठोकू. टाळं ठोकून पोरं शिकतात होय, शहाणा कुठला!

आणि मग माझं तोंड सुटलं. "अहो, हा वर्ग आहे की जत्रा? निम्मी पोरं तर पटावरच नाहीत! ज्यांची आहेत त्यांनी आपापली घरी ठेवा ना!"

माझ्याच वाडीत चिकू निवडायला येणारी एक बाई उठली. तिची थोरली माझ्या मुलीच्या वर्गात, आणि धाकटा रोज त्या थोरलीच्या कडेवर.

"घरी ठेवते ना, शेठाणी," ती शांतपणे म्हणाली. "पोरगी पण राहील मग घरी, आणि मी पण. तुझं चिकू कोण निवडल, ते सांग."

अख्खी सभा हसली. शाळेच्या बाईंनी मात्र मान हलवली. "म्हणूनच मी बाळांना नाही म्हणत नाही. बाळाला बाहेर काढलं की त्याची बहीणही जाते. दोघं येतात नाहीतर दोघंही येत नाहीत."

आपलेच दात आणि आपलेच ओठ! मी खाली बसले. समोर बघितलं तर त्या चिकू निवडणारीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. तिलाही आपली पोरगी शिकायला हवी होती. ती थोरली तर वर्गात हातात पेन्सिलच धरत नव्हती. दोन्ही हात भावात अडकलेले.

घरी येताना डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. चिकू निवडतात ती आमची शेड चांगली लांबलचक आहे. पेट्या एका टोकाला, दुसरं टोक रिकामंच. तिथं दोन झोळ्या बांधल्या, खाली ताडपत्री टाकली, आणि बायकांपैकी रोज एकीनं चिकू सोडून पोरं सांभाळली तर? तिची त्या दिवसाची मजुरी बुडू द्यायची नाही. शेजारच्या वाडीवालीला विचारलं, ती आधी कुरकुरली, मग हो म्हणाली, कारण तिच्या वाडीतल्या बायकांचीही पोरं त्याच वर्गात लोळत होती.

यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "आता शेडमधे बालवाडी काढतेस?"

"काढते. पोरगी परक्या गावी घालवण्यापेक्षा स्वस्त पडते."

पहिल्या दिवशी सकाळी त्या थोरलीनं भावाला आमच्या फाटकापाशी आईकडे दिलं. मोकळ्या हातांनी शाळेकडे निघाली, पण चाल तशीच, एका बाजूला कलती. थोडी पुढे गेली, वळून बघितलं, परत गेली, परत वळली. तिच्या आईनं हात उडवला, जा म्हणून, तेव्हा पळाली.

त्या पोरट्यांनी आमचा जो छळ मांडला! पिकलेला चिकू दिसला की अंगठा खुपसायचाच. एकानं तर पेटीतल्या प्रत्येक चिकूचा एकेक चावा घेतला, अगदी इमानदारीत, एकही सोडला नाही. हे कपाळाला हात लावून बसले. पण दुसऱ्या दिवशी यांनीच पेट्यांपुढे बांबूचं आडकाठं ठोकलं, मी सांगितलं नव्हतं.

शाळेत दोन वर्ग आणि एकट्या बाई, हे तसंच राहिलं. पण खोलीत ऐकू यायला लागलं. बाई चार-चार मुलांना टेबलाशी घेऊ लागल्या. बाकीच्या ओळी कागदानं झाकायच्या आणि मधलाच एखादा शब्द उघडा ठेवायचा. माझी मुलगी पहिले काही दिवस रडत घरी आली. "बाई मधूनच विचारतात गं!"

मग तिचं वाचणंच बंद झालं. आधी घर डोक्यावर घ्यायची, आता पुस्तक उघडून नुसती बघत बसायची. ओठ हलायचे, आवाज नाही. दिवाळी गेली, थंडी पडली, तरी तेच. विचारावं तर भीती, न विचारावं तर जीव राहत नाही. मला गप्प बसायला सांगणं म्हणजे कोंबड्याला आरवू नको म्हणून सांगणं, पण मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात एवढी गप्प मी बाळंतपणातही नव्हते. बाई म्हणायच्या, "थांबा जरा, येईल." यांनी परत विषय काढला नाही, म्हणजे यांचा विचार पक्का होता. ताईंचा फोन यायचा. दप्तर घेतलंय, निळ्या रंगाचं. खिडकीशी पलंग लावलाय. त्या आनंदात सांगायच्या आणि मी फोन यांच्या हातात द्यायचे.

संक्रांतीला ताई आल्या. तिळगूळ, फरसाण, भाचीला फ्रॉक. पोर त्यांच्या मांडीवरून उठेना. "उद्या माझ्याबरोबर चल," ताई तिला म्हणाल्या, "वापीच्या बाजारात तुला बूट घेऊ, चालताना लाल दिवा लागतो ते." पोर नाचायला लागली. तिला वाटलं, बूट घेऊन संध्याकाळी घरी. ती राहायला जाणार आहे हे तिला सांगायचा धीर मला झाला नव्हता, यांनाही नाही.

हे म्हणाले, "आधी वाचून दाखव आत्याला." पोरीनं पुस्तक आणलं.

"छे, ते पाठ असणार तिला," ताई म्हणाल्या. नणंद हुशार आहे, यांच्यासारखीच. "दुसरं काहीतरी दे."

मी ताईंना न्यायला सुके बोंबील बांधत होते. माहेरवाशीण आमच्या जवळच्या चिंचणीचे बोंबील घेतल्याशिवाय जात नाही. ताईंनी माझ्यासमोरचा वर्तमानपत्राचा कागद ओढला, वरचे बोंबील बाजूला केले आणि मोठ्या अक्षरांवर बोट ठेवलं. माझे हात तिथंच थांबले. मनात म्हटलं, देवा, आता तूच.

पोर उकिडवी बसली. नाक कागदाला लागेल इतकी वाकली.

"उ… द… उद…" थांबली. परत मागे गेली. "उद्… उद्या."

ती अडखळली! दीड वर्षात ती एकदाही अडखळली नव्हती. पाठ असलेला माणूस अडखळतो कशाला? ती वाचत होती!

"बा… जा… र. बाजार. बं… द. बंद."

तिनं मान वर केली. कपाळावर आठी. आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे, मग ताईंकडे.

"आत्या, उद्या बाजार बंद आहे? मग बूट कुठून घ्यायचे?"

कागद कितीतरी महिन्यांचा जुना. कुठला बाजार, कशासाठी बंद, देव जाणे. यांनी तो हातात घेतला आणि स्वतः वाचला, जणू पोरीनं चूक वाचलंय का ते तपासत होते. मग घडी घालून मांडीवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत बसले. डोळे भरलेले मी बघितले, पण बघितलं असं दाखवलं नाही.

ताईंनी भाचीला जवळ ओढलं. "बरं झालं गं बाई, वाचलंस," त्या म्हणाल्या. "नाहीतर फुकटचा हेलपाटा पडला असता." आवाज हसरा होता, पण पोरीच्या डोक्यावरून फिरणारा हात थांबत नव्हता. जरा वेळानं यांना म्हणाल्या, "दप्तर इथंच पाठवून देते. निळंच आहे, आवडेल तिला."

माझा जीव भांड्यात पडला. चुलीपाशी गेले आणि पदर तोंडात धरून रडले, मनसोक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकट्याच निघाल्या. हातात बोंबलांची पिशवी. यांनी त्यांना रिक्षात बसवलं. रिक्षा वळणावर पोचेपर्यंत आमची पोर फाटकावर चढून ओरडत होती, "आत्या, बाजार उघडला की सांग हां!"