जावयाची लीद

माझ्या मावशीचा घोड्यांवर फार जीव होता, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे तिला घोडेही माणसांइतकेच डोईजड वाटायचे. घोडेस्वारी शिकवणाऱ्या एका शाळेच्या तबेल्यात ती मोतद्दार होती आणि खरारा करता करता प्रत्येक घोड्याच्या नावाने बोटं मोडायची. एका तरण्याबांड घोड्याचं नाव तिने ‘जावई’ ठेवलं होतं. तो खायला पुढे, कामाला मागे, आणि तरी सगळ्यांनी त्याचं कौतुक करायचं.

तिच्या तोंडाच्या पट्ट्यातून सुटलेली एकच, म्हातारी. ही करडी घोडी जावयाच्या शेजारच्या खणात बांधलेली असे. अर्ध्या गावाची पोरं तिच्या पाठीवरून पडत पडत घोडेस्वारी शिकली होती. आता तिला दमा जडला होता. वाळक्या गवताची धूळ नाकात गेली की ती खोकत सुटायची आणि श्वास घेताना तिच्या बरगड्या मोजता यायच्या. मावशी तिचं गवत बादलीत भिजवून द्यायची, पण शेजारच्या गव्हाणीतली धूळ काही परवानगी मागून येत नाही. मालकाने सांगून टाकलं होतं, की असंच चाललं तर खाटकाची गाडी बोलवावी लागेल.

अशात जनावरांच्या कॉलेजातल्या डॉक्टरीणबाई आल्या. घोड्याच्या पोटातले जंतू आणि त्याच्या छातीतला दमा यांचं आतून काही साटंलोटं आहे का, हे त्यांना शोधायचं होतं. ज्या दमेकरी घोड्यांचं पोटही बिघडलेलं निघेल, त्यांना त्या कॉलेजच्या टेकडीवरच्या कुरणात ठेवणार होत्या. तिथे धूळ नाही आणि गवत ताजं. पोट आणि छाती जोडीने सुधारतात का, ते बघायचं. हे सगळं त्यांनी मालकाला नीट समजावून सांगितलं. मावशीला फक्त लीद भरायला डबे दिले.

आता आमच्या घराण्यात तपासणी ही पास होण्यासाठीच असते. मावशीने स्वतःच्या साखरेच्या तपासणीला माझ्या आईची लघवी पाठवली होती आणि निकाल चांगला आला म्हणून घरात गोडाधोडाचं केलं होतं. तेव्हा म्हातारीचं पुढे काय करायचं ते लिदीवरून ठरणार, एवढं कानावर आल्यावर तिला वेगळं सुचणं शक्यच नव्हतं. तिने म्हातारीचा डबा जावयाच्या लिदीने भरला. डबा जरा जास्तच भरला, कारण जावयाकडे माल भरपूर होता.

म्हातारी उत्तम गुणांनी पास झाली. तिचं पोट ठणठणीत आहे, तेव्हा ती आमच्या कामाची नाही, असा डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. कुरणातली जागा गेली आणि मालकाने लगेच सोमवारची गाडी ठरवली.

घरी येऊन मावशीने हे सांगितलं तेव्हा आई आधी पोट धरून हसली. मग तिने बहिणीचा चेहरा पाहिला.

“ताई, जाऊन खरं सांग,” ती म्हणाली.

खरं बोलायची सवय नसल्यामुळे मावशीने सोबतीला मला नेलं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत एक फ्रीज होता. त्यावर ‘यात जेवणाचे डबे ठेवू नयेत’ अशी पाटी होती, म्हणजे कोणीतरी ठेवला असणार. आम्ही बसायच्या आतच बाईंनी भिंतीवरचे दोन रंगीत तक्ते दाखवले. एक म्हातारीच्या लिदीचा, एक जावयाच्या. दोन्ही हुबेहूब सारखे. शेजारी बांधलेल्या घोड्यांचे जंतू एकमेकांच्या पोटात जातात, हा त्यांचा शोध होता. तो त्यांनी वरिष्ठांच्या कानावर घातला होता आणि आता सभेत मांडणार होत्या. इतकं खूश माणूस मी कॉलेजात कधी पाहिलं नव्हतं.

मावशीने आधी आपल्या वळणाने जाऊन पाहिलं. डबे इथेच कोणी बदलले असतील का, असं तिने विचारलं. शक्यच नाही, बाई म्हणाल्या. मावशीने पदराने तोंड पुसलं.

“दोन्ही डब्यांत जावईच आहे, बाई. म्हातारी पास व्हावी म्हणून मी त्याचीच लीद भरली.”

बाईंचा चेहरा पडला. मला त्यांची दया आली आणि हसूही आलं, आणि दोन्हीची लाज वाटली. त्यांनी उठून तक्ते काढले आणि गुंडाळी करून फ्रीजवर टाकले. मग म्हणाल्या, की कोपरापर्यंतचा हातमोजा घालून म्हातारीची लीद त्या स्वतः आतून काढतील. पोट बिघडलेलं निघालं तर कुरणात तिची सोय करतील. पण आजपासून मावशीने म्हातारीजवळ फिरकायचं नाही, कुरणातही नाही, चाऱ्याला हात लावायचा नाही. ती आसपास असेल तर कशाचाच भरवसा धरता येणार नाही.

“बरी झाली की परत आणाल ना?” मावशीने विचारलं.

“बरी झाली तर परत धुळीत कशाला आणायची?”

मावशी माझ्याकडे बघत राहिली. खोटं बोलायला ती कधी इतका वेळ घेत नसे.

“बरोबर आहे. नकाच आणू,” ती म्हणाली.

म्हातारीचं पोट पार बिघडलेलं निघालं. मावशी आनंदाने सगळ्या तबेल्याला सांगत सुटली.

कुरणात न्यायला कॉलेजची गाडी आली तेव्हा मावशी हुकूम पाळून फाटकापाशी उभी होती. म्हातारी फळीवर चढेना. दोघांनी ओढलं, एकाने मागून रेटलं, त्याला तिने योग्य जागी लाथ घातली. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच मावशीला हाताने खूण केली. मावशीने दोर हातात घेतला, म्हातारीला एक अस्सल शिवी दिली आणि ती घोडी निमूट तिच्यामागून वर गेली. मावशीने तिला बांधलं, तिच्या आयाळीत जरा वेळ हात ठेवला आणि खाली उतरली. खोकला थांबला की तेवढं कळवा, असं ती बाईंना म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

गाडी रस्त्याला लागली. गाडी दिसेनाशी झाली तरी आतून खोकला ऐकू येत होता. हा खोकला थांबावा म्हणून मावशीने काय काय केलं होतं.

“आणखी थोडं खोक गं,” ती म्हणाली, आणि मालकासमोर, जावयासमोर भोकाड पसरून रडली.