आम्ही आउट ऑफ स्टेशन आहोत

माझ्या बाबांचा इंग्रजीवर फार जीव. राग होता तो ती बोलणाऱ्यांवर. पोस्टातून निवृत्त झाल्यावर त्यांना दुसरं कामच उरलं नाही. पालघर जिल्हा नुकताच झाला होता, दुकानदार पाट्यांवरचं ठाणे खोडून पालघर करत होते, आणि बाबा आमच्या मसोलीहून डहाणू रोड स्टेशनपर्यंत चालत जाऊन त्याच पाट्यांवरची स्पेलिंगं सुधारायला सांगत होते. लोक त्यांना लांबून पाहिलं की फोनवर बोलत असल्याचं सोंग करायचे.

त्यांचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे 'आउट ऑफ स्टेशन'. कोणी परगावी गेला की लोक म्हणायचे, साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत. बाबा लगेच सरसावून बसायचे. "अरे, कंपनी सरकारच्या काळात गोऱ्या साहेबाची नेमणूक जिथे असायची त्या ठिकाणाला स्टेशन म्हणत. ते सोडून गेला की तो आउट ऑफ स्टेशन. साहेब गेला, त्याचं स्टेशन गेलं. आता स्टेशन एकच, रेल्वेचं. त्याच्या बाहेर जो उभा, तो आउट ऑफ स्टेशन." हे आम्ही जेवताना, झोपताना आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या बारशातही ऐकलं होतं.

दुसरा शब्द 'सॉरी'. त्याचं मूळ म्हणे जखमेत. मनाला खरोखर ठणका लागल्याशिवाय तो तोंडातून काढायचा नाही. त्यामुळे बाबांनी कोणाला सॉरी म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आईलाही नाही, आणि तिची माफी मागण्यासारखी कारणं भरपूर होती.

आता माझं. तालुक्याच्या एका शिक्षक प्रशिक्षणात मला तलासरीकडचा एक मास्तर भेटला आणि आवडला. त्यालाही मी आवडले, पण त्याला वाढवलं होतं मामांनी आणि घरात शब्द मामांचा. मामांनी मला बघायला यायला हो म्हणावं म्हणून त्याने किती दिवस त्यांची मनधरणी केली होती, ते मलाच ठाऊक. मामा एकदाच येणार होते. त्यांना मी पसंत पडले नाही, तर विषय संपला.

ठरलेल्या रविवारी आईने वडे तळायला घेतले. मी साडी नेसून स्वयंपाकघरात घामाघूम. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून ओटीवर बसले होते. फोन वाजला. मामांचा आवाज इतका मोठा की आतपर्यंत ऐकू आला.

"साहेब, आम्ही डहाणू स्टेशनात पोचलो. तुम्ही हितंच ना?"

आमच्याकडे स्टेशन म्हणजे नुसता फलाट नाही. बाजार, दवाखाने, भाजीवाल्या, सगळ्याला मिळून स्टेशनच म्हणतात. आणि आमचं घर त्याच्या जरासं बाहेर. बाबांनी घसा खाकरला आणि आपल्या मते अगदी बिनचूक उत्तर दिलं.

"नो, नो. वुई आर आउट ऑफ स्टेशन."

फोन कट झाला. बाबा म्हणाले, "नेटवर्क नाही. करतील परत, मग रस्ता सांगतो."

वडे गार झाले. मग मास्तरचा मेसेज आला. 'तुम्ही लोक गावाला निघून गेलात? मामा भयंकर चिडलेत. आम्ही तलासरीला परत चाललोय.'

मी ओटीवर आले आणि भोकाड पसरलं. साडीबिडी काही पाहिलं नाही.

"अहो, सगळं जग आउट ऑफ स्टेशन म्हणजे परगावी असंच म्हणतं!" आई कडाडली.

"जग चुकतं," बाबा म्हणाले. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. मामा फोन उचलत नव्हते. बाबांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा पाहायचं टाळलं. मला त्या वेळी त्यांची सगळी इंग्रजी समुद्रात नेऊन बुडवावीशी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते चपला घालून उभे राहिले. "चल. मुलगी गावातच आहे हे त्यांना दिसू दे." मुलीनेच मुलाकडे जायचं म्हणजे काय, असं आई म्हणत राहिली आणि आम्ही एसटी पकडली.

मामा पडवीत झोपाळ्यावर बसले होते. त्यांनी झोपाळा थांबवला नाही. मास्तर पाण्याचा ट्रे घेऊन दारात खिळला. बाबा बसले नाहीत. हात जोडून, हळू आवाजात म्हणाले, "सॉरी."

बस, एवढंच. पुढे ना मूळ, ना व्याकरण.

मामा एकदम विरघळले. झोपाळ्यावरून उतरून त्यांनी बाबांचे हात धरले. "अरे साहेब, काय हे! बसा, बसा. मेन्शन नॉट, मेन्शन नॉट!"

मी डोळे मिटले. 'डोन्ट मेन्शन इट'चं हे धेडगुजरी रूप कानावर पडलं की बाबा भर लग्नातही मांडवात उठून उभे राहत. इथे तर दोनदा. मी मास्तरला सगळं सांगून ठेवलेलं, त्याने घाईघाईने पाण्याचा ट्रे बाबांपुढे धरला. बाबांच्या कपाळावरची शीर टरारली. त्यांनी ग्लास उचलला, घटाघटा सगळा संपवला आणि म्हणाले, "पाणी फार छान आहे तुमच्याकडचं."

चहा झाला, मामांनी मला दोन प्रश्न विचारले आणि तारीख काढायला सांगितली.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. "डोन्ट मेन्शन इट. डोन्ट मेन्शन इट." तलासरीपासून हेच चाललं होतं. डहाणू जवळ आलं तेव्हा मी त्यांच्या खांद्याला हात लावला.

"थँक्यू, बाबा."

ते माझ्याकडे न वळता म्हणाले, "मेन्शन नॉट."